गवारीच्या शेंगा आणि माझी भुतं

मी भयकथा लिहितो. हे वाक्य मी शक्यतो पाहुण्यांसमोर उच्चारत नाही. उच्चारलं की समोरचा माणूस मला एकदा खालून वर नीट बघतो आणि त्याची निराशा होते. टक्कल, दुहेरी काचेचा चष्मा, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. "अरे वा," तो म्हणतो, "आणि नोकरी कुठं?"

नोकरी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात. म्हणजे लोकांना खरोखर घाबरवण्याचं काम मी सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत करतो. भुतांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

या धंद्यात मी पडलो तो चुकून. लग्नाच्या आधीची गोष्ट. एका दिवाळी अंकाला मी प्रेमकथा पाठवली होती. संपादकांचं पोस्टकार्ड आलं. "कथा बरी आहे. नायिका शेवटी परगावी निघून जाते, त्याऐवजी ती पहिल्यापासूनच मेलेली होती असं करता येईल काय? प्रेमकथा भरपूर आल्या आहेत. भयकथेची सहा पानं रिकामी आहेत." मी एका बैठकीत बदल केला. फक्त चार वाक्यं बदलावी लागली. माझी नायिका मुळात किती जिवंत होती, ते यावरून समजून घ्यावं.

तेव्हापासून दर दिवाळीला निदान एक भूत. तीन संग्रह झाले. अलीकडे मोबाईलवर ऐकायच्या गोष्टींसाठीही लिहितो. तिथं एक तरुण माणूस माझी वाक्यं घशातल्या घशात म्हणतो आणि मागं दार करकरतं. वाचकांची पत्रंही येतात. पुण्यातला वाचक लेखकाला घाबरलो असं कधी कळवत नाही. त्याचं पत्र असं असतं: "आपली कथा वाचली. आपला नायक रिक्षाने ज्या रस्त्यावरून डावीकडे वळतो तिथे गेली सहा वर्षे एकेरी वाहतूक आहे. पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. भुताबद्दल काही म्हणणे नाही."

असल्या गावात एक माणूस आपल्याला घाबरतं, या एका आधारावर मी चोवीस वर्षं लिहीत आलो. ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई.

त्याचं असं झालं. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. मी जावई म्हणून पाटावर बसून, उटणं लावून घेऊन, चार वेळा "पुरे, पुरे" म्हणत आणि पाचव्यांदा वाढून घेत सासरी पडलो होतो. दुपारी सासरे म्हणाले, "तुमची ती गोष्ट छापून आलीय म्हणे. वाचा की." मी वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदाला सासरे बसल्या बसल्या झोपले. मेहुणा तेव्हा कॉलेजात होता. तो क्रिकेटला निघून गेला. बायको नवी होती म्हणून बसून राहिली. सासूबाई समोर ताटात गवार घेऊन शेंगा मोडत होत्या. टक, टक, टक. मी वाचत गेलो, आणि नायिका विहिरीच्या काठावर पाठमोरी उभी राहते त्या वाक्याला तो आवाज थांबला. मी वर पाहिलं. अर्धी मोडलेली शेंग हातात तशीच, आणि सासूबाई माझ्याकडे बघतायत.

लेखकाला आणखी काय पाहिजे?

पुढं त्याचा रिवाजच झाला. नवी कथा लिहून झाली की शनिवारी दुपारी कॉलेजातून परस्पर सासूबाईंकडं जायचं. त्यांनी ताटात काहीतरी घेऊन बसायचं. गवार, मेथी, घेवडा, कधी लसूण. मी वाचायचं. हात थांबले, की ती जागा जमली. थांबले नाहीत, की घरी येऊन मी भूत थोडं आधी आणत असे. कथेच्या कागदांवर समासात मी पेन्सिलीनं खुणा करायचो: "इथे थांबल्या." "इथे दोन शेंगा मोडल्या, मग थांबल्या." सासरे गेले तेव्हा तीन महिने खंड पडला. त्यानंतर सासूबाईंनीच विचारलं, "काही लिहिलं नाहीत का?" आणि ताट घेऊन बसल्या.

आमचं घर कर्वेनगरात, त्यांचंही. मध्ये तीन इमारती. सासूबाई पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. दार सकाळी उघडतं ते दुपारच्या झोपेपुरतं मिटतं. जिन्यानं जाणारा येणारा प्रत्येक माणूस आत तोंड घालून काहीतरी बोलून जातो. खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या भजनातल्या. त्या तर बोलून जात नाहीत, बसतातच.

गेल्या आषाढात सासूबाई गॅसवर दूध ठेवून खाली गेल्या आणि भजनाच्या कार्यक्रमात कुणाला कोणतं पद द्यायचं या वादात तिथंच राहिल्या. पातेलं जळालं. धूर जिन्यात आला. वरचे दोघं आणि खालच्या बाई धावल्या, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. नुकसान म्हणाल तर एक पातेलं. पण कुणीतरी मेहुण्याला फोन केला.

मेहुणा खराडीत एका मोठ्या कंपनीत आहे आणि तिथंच चौदाव्या मजल्यावर राहतो. माणूस सज्जन. आईवर जीव. तो दीड तासात येऊन पोचला, जळकं पातेलं हातात घेऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बास. दिवाळी झाली की तू माझ्याकडे शिफ्ट होतेयस. ही जागा भाड्यानं देऊ. भाऊबीज झाली की सामान हलवायचं. फायनल."

सासूबाई म्हणाल्या, "बघू या."

आता पुण्यात "बघू या" म्हणजे "नाही", हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण मेहुणा बारा वर्षं खराडीत राहतोय. तिकडं "बघू या" म्हटलं की लोक कॅलेंडर उघडतात. त्यानं उघडलं. आठ दिवसांत खोली रिकामी केली, रंग दिला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. त्याच्या बायकोनं सासूबाईंसाठी छोटा देव्हारा आणून ठेवला. इतकं सगळं प्रेमानं चाललं होतं की सासूबाईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही. त्या फक्त दिवसेंदिवस कमी बोलायला लागल्या. हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही, कारण मी त्या वेळी अडचणीत होतो.

अडचण अशी की जुने संपादक निवृत्त झाले होते आणि अंक आता त्यांची मुलगी बघते. तिचा फोन आला. "काका, एक स्पष्ट बोलू? पिंपळ, विहीर, पैंजण, पांढरी साडी, हे सगळं आता पुरे. लोक टॉवरमध्ये राहतात. तुमचं भूतही शिफ्ट करा ना."

"म्हणजे फ्लॅटमध्ये?"

"हो. आणि काका, मागच्या वर्षीचं भूत फार समंजस होतं. दोन वाचकांनी कळवलं की त्यांना त्याचं म्हणणं पटलं."

जमलं नाही तर या वर्षी माझी पानं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतील, हे ती बोलली नाही. पण मी परीक्षा विभागातला माणूस आहे. न बोललेलं मला ऐकू येतं.

तेवढ्यात खराडीचं बोलावणं आलं. "आईला तिची खोली दाखवायची आहे, तुम्हीही या." रविवारी आम्ही तिघं गेलो. मी वही घेऊन.

आणि काय सांगू, मला खजिना सापडला. दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे. शेगडी नाही, नुसती काळी काच. खिडकी चार बोटंच उघडते. कोपऱ्यात एक डबी, तिला काही विचारलं की ती बाईच्या आवाजात उत्तर देते; सासूबाईंनी तिला आधी "नमस्कार" म्हटलं. आणि दिवे. माणूस पॅसेजमध्ये शिरला की दिवे आपोआप लागतात, हालचाल थांबली की आपोआप जातात. मी न्हाणीघरात गेलो. दिवा लागला. मी बसलो. थोड्या वेळानं काळोख. बाहेरून कुणी बटण बंद केलं असं वाटून मी म्हणालो, "आत आहे." उत्तर नाही. पुन्हा म्हणालो, "अहो, मी आहे आत." माझ्या आवाजात एक कंप होता तो मला आवडला नाही. बाहेरून मेहुण्याचा शांत आवाज आला, "जिजाजी, हात हलवा."

मी काळोखात बसून दोन्ही हात हलवले. लख्ख उजेड पडला. त्या क्षणी मला माझी कथा मिळाली.

परतताना टॅक्सीत मी वहीत भराभरा लिहीत होतो. बायको मागं आईजवळ बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आईनं दुपारभर पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. बघितलंत?"

"दिव्यांना बहुतेक छतात डोळा असतो," मी म्हणालो.



कथा अशी होती. एक म्हातारी मुलाच्या अशाच घरात राहायला जाते. सगळे दिवसभर बाहेर. तिला काही करावं लागत नाही. स्वयंपाकाला बाई आहे, झाडायला यंत्र आहे. ती बसून राहते. बसली की दिवा जातो. आधी ती हात हलवून तो लावते. मग कंटाळा करते. हळूहळू हात हलवला तरी दिवा लागेनासा होतो. मग दार तिचे आकडे ओळखेनासं होतं. डबीतली बाई तिला उत्तर देत नाही. एक वाक्य मला आपोआप सुचलं होतं: "दिवा गेला, कारण त्या खोलीत कोणी नाही असं घराचं मत झालं होतं." मला ते फारसं विशेष वाटलं नव्हतं. माझी खरी मदार शेवटावर होती. शेवटी कळतं की त्या खोलीत आधीच्या भाडेकरूचं भूत असतं आणि दिवे तेच घालवत असतं. भुताला मी लांब हातही दिला होता, छतापर्यंत पोचणारा.

शनिवारी वाचन झालं. ताटात गवार. मी वाचत गेलो, टक, टक, टक. त्या दिव्याच्या वाक्याला आवाज थांबला. मला आश्चर्य वाटलं, कारण भूत यायला अजून दोन पानं होती. मी वर पाहिलं. एरवी हात थांबले की सासूबाई माझ्याकडं बघतात. या वेळी त्या दाराकडं बघत होत्या. मी पुढं वाचलं. भूत आलं, हात लांब झाला, कथा संपली. आवाज पुन्हा सुरू झालाच नाही.

"कशी वाटली?"

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग ताट उचलून आत ठेवून आल्या. "भाजी उद्या करीन."

मी तरंगत घरी आलो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एका ताटातली गवार निम्मीसुद्धा मोडली गेली नव्हती. समासात मी लिहिलं, "इथून शेवटपर्यंत थांबल्या!" आणि कथा पाठवून दिली.

अंक आला वसुबारसेच्या आधी. बायकोनं तो उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि मग खुर्ची ओढून बसली. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"अहो, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत?"

"काय मुद्दाम?"

"आईबद्दल."

"छे. ही वेगळी म्हातारी आहे. हिला संधिवात आहे."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला एकदम दिवाळीची जळमटं काढायचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन. "जिजाजी, ग्रेट. तुमची स्टोरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतेय."

"आवडली लोकांना?"

"सेक्रेटरींनी कळवलंय की सेन्सरबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या, गोष्टीतून देऊ नका." मग जरा थांबून, "आणि ते सोडा. आईनं खालच्या काकूंना अंक दिला. त्यांनी मला फोन करून सांगितलं की तिला त्या घरात नेऊ नका, तिथं कोणीतरी आहे. तुम्ही तिला घाबरवून ठेवलंय. ती यायला तयार होती, जिजाजी. मी डॉक्टरसुद्धा बघून ठेवलाय. तुम्हाला तुमची शनिवारची श्रोती हवीय म्हणून तुम्ही माझ्या आईला तिथं एकटं ठेवणार?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यात "साहित्य" हा शब्द दोनदा आला एवढं आठवतं, आणि अजून लाज वाटते. कारण फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदाच कळलं, की ती कथा कुणाची आहे हे सोसायटीच्या सेक्रेटरीपासून खालच्या काकूंपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. एक लेखक सोडून.

भाऊबीज सासूबाईंच्या घरी ठरली होती. मेहुणा अकरा वाजता आला. वर येताना त्याच्या बगलेत घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी होती. आणखी गाडीत होती. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. सासूबाई खोक्यांकडं बघून म्हणाल्या, "मजबूत दिसतायत."

पाट मांडला, रांगोळी झाली. मेहुणा डोक्यावर रुमाल टाकून बसला. बायकोनं तबकात निरांजन लावलं, भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ओवाळायला हात उचलला, तेवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट, ताई. आधी हा विषय संपवू. आई, जिजाजींची गोष्ट ऐकून तू घाबरलीस का? खरं सांग."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. तरीही, आता हे लिहितोय तर खरंच लिहितो, त्या प्रश्नाला मी थोडा पुढं झुकलो.

"यांच्या गोष्टीला?" सासूबाई म्हणाल्या. "नाही बाई. यांच्या गोष्टींना मी कधीच घाबरले नाही."

 बायको तबक तसंच धरून उभी.

"कधीच?" मी म्हणालो.

"कधीच. वाईट वाटून घेऊ नका."

"पण आई, हात थांबायचे तुमचे."

"थांबायचे नाहीत, थांबवायची मी," त्या म्हणाल्या. "दिवाळसणाला आला होतात. पहिलाच सण. याच्या वडिलांना झोप लागली, हा उठून गेला. मीही गवार मोडत बसले असते तर तुम्हाला काय वाटलं असतं? जावई माणूस. म्हटलं, कुठंतरी थांबलेलं बरं दिसेल."

"आणि नंतरची चोवीस वर्षं?"

"आता एकदा थांबवल्यावर पुढच्या वेळी न थांबून कसं चालेल? तुम्ही वर बघायचात ना."

मेहुण्याचे खांदे हसण्यानं हलायला लागले होते. मी बायकोकडं पाहिलं. ती वातीकडं बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"आई शनिवारची भाजी सकाळीच मोडून ठेवायची," ती म्हणाली. "तुमच्यासमोर चार शेंगा घ्यायची फक्त. नाहीतर रात्री तिनं काय खाल्लं असतं?"

माणसाचं करिअर संपायला किती वेळ लागतो, याची मला आजवर कल्पना नव्हती. निरांजनातलं तूपही फारसं कमी झालं नव्हतं.

मेहुणा खूश झाला. "म्हणजे तुला भीती नाही. मग प्रॉब्लेमच नाही. उद्यापासून पॅकिंग."

"थांब. तुला उत्तर देतेय अजून," सासूबाई म्हणाल्या. "भुताची भीती नाही. ते लांब हाताचं भूत तर मला कळलंच नाही कशाला आणलं. पण त्याच्या आधी एक वाक्य आहे. ती बसते, दिवा जातो, खोलीत कोणी नाही असं घराचं मत होतं. तिथं मात्र मला थांबवावं लागलं नाही. आपोआप थांबले हात."

 त्या पुढं बोलल्या, अगदी रोजच्या आवाजात, जणू खालच्या बाईंना काही सांगतायत.

"तुझ्याकडं मला काही कमी पडणार नाही. सून गुणाची आहे, देव्हारासुद्धा आणला तिनं. पण मी तिथं बसले होते ना रविवारी, तेव्हा दोनदा दिवा गेला. तुमच्या लक्षात नाही आलं, तुम्ही यांना न्हाणीघरातून काढत होतात. मी हात हलवला नाही. म्हटलं बघू, कुणी विचारतंय का. इथं मी नुसती बसले तरी खालच्यांना माहीत असतं, वरच्यांना माहीत असतं. दार पुढं लोटलं तर विचारतात, बरं नाही का म्हणून."

"अगं पण आई, दूध जळलं."

"जळलं. आणि तिघं धावत आले. तुझ्या चौदाव्या मजल्यावर कोण येणार होतं?"

"तिथं गॅसच नाहीये."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे कुणी यायचं कारणच नाही."

मेहुणा पाटावर बसून राहिला. कपाळावर कुंकू, अक्षता नाकावर उतरलेल्या, डोक्यावर रुमाल. चाळिशीच्या इंजिनिअरचा चेहरा त्या रुमालाखाली दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "मग मी काय करू?" तो म्हणाला. "फोन वाजला की आधी तुझंच काही झालं असं वाटतं. मीटिंगमध्ये असतो, तुझं नाव दिसलं की उठून बाहेर पळतो. मला सहन होत नाही, आई."

 सासूबाईंनी पुढं होऊन त्याच्या नाकावरचा तांदूळ काढला.

"रोज सकाळी मीच करते फोन," त्या म्हणाल्या. "साडेआठला. मग दिवसभर वाजला तर घाबर. आणि ते गॅसला काहीतरी मिळतं ना, आपोआप बंद होणारं? ते बसव. मी नको म्हणणार नाही. एक किल्ली ताईकडं राहू दे."

"आणि मी कॉलेजला जाताना रोज डोकावून जाईन," मी म्हणालो. या प्रकरणात माझ्याकडून झालेली ही पहिली उपयोगी गोष्ट.

"आणि मला बरं नसेल तेव्हा येईन तुझ्याकडं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा झोपूनच राहायचं असतं, दिव्याचं काही काम नाही."

मेहुण्यानं घसरलेला रुमाल डोक्यावर नीट केला. शेवटी म्हणाला, "पॅसेजच्या दिव्यांना साधी बटणं बसवतो. तू आलीस की."

"बसव."

"वात विझेल आता," बायको म्हणाली. "ओवाळू का?"

ओवाळणं झालं. जेवणं झाली. मेहुणा खोकी परत न्यायला उठला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "रिकामी कशाला नेतोस? माळ्यावर तुझं सामान आहे. बारा वर्षं मी त्याच्याखाली झोपतेय." आणि मग इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाची पुस्तकं, ड्रॉइंगचा बोर्ड, क्रिकेटचे पॅड, माशांसाठीची फुटक्या काचेची एक रिकामी पेटी, असं सगळं आम्ही दोघांनी मिळून त्या मजबूत खोक्यांत भरलं आणि तीन खेपांत खाली नेलं. गाडीची मागची सीट भरून गेली. भाऊबिजेनंतर सामान हलवायचं ठरलं होतं, ते हललं.

गाडीशी मेहुणा म्हणाला, "जिजाजी, फोनवर जास्त बोललो. सॉरी."

"नाही, बरोबर बोललास," मी म्हणालो. "मला शनिवारची श्रोती हवीच होती. आता कळलं की ती नव्हतीच."

तो हसला नाही. हे त्यानं चांगलंच केलं.

पुढचे पंधरा दिवस मी काही लिहिलं नाही. सकाळी सासूबाईंकडं डोकावायचो, दारातूनच "आहात ना?" म्हणायचो, त्या "आहे" म्हणायच्या, आणि मी कॉलेजला जायचो. गॅसला ते आपोआप बंद होणारं यंत्र बसलं. खालच्या बाई ते बघून गेल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडं नको बाई, आम्ही आहोत ना लक्ष ठेवायला. संपादकांच्या मुलीचा फोन आला की कथेला खूप प्रतिसाद आहे. मात्र बहुतेकांनी शेवटाबद्दल विचारलंय. मी म्हणालो, शेवटाबद्दल मलाही आता शंका आहेत.

मग एक दिवस सकाळी "आहे" म्हणून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काही लिहिलं नाहीत?"

"लिहून काय करू? तुम्ही घाबरत तर नाही."

"न घाबरता ऐकलं म्हणून काय झालं? चोवीस वर्षं ऐकलं. पदरचं काही बोलले नाही, तेवढंच."

"मग आता बोलाल?"

"जावई आता जुना झाला," त्या म्हणाल्या. "बोलायला हरकत नाही."

त्या शनिवारी मी नवी कथा घेऊन गेलो. दार उघडंच होतं. सासूबाईंनी या वेळी समोर काही घेतलं नव्हतं; हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मध्ये एकदा वरच्या मजल्यावरच्यांनी डोकावून "चाललंय का वाचन?" विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मी संपवलं आणि कागद नीट जुळवून ठेवले. वर बघायचं धाडस होत नव्हतं. इतकी भीती मला माझ्या कुठल्या पात्राचीही वाटली नव्हती.

"बसा," सासूबाई उठत म्हणाल्या. "चहा टाकते. कप मोठे काढते, वेळ लागेल आपल्याला."

त्यांनी गॅस पेटवला, आलं ठेचलं, दोन कप भरून आणले, समोर बसल्या, आणि शीर्षकापासून सुरुवात केली.